चांगली जोडी मागे

"पण गाडी चालवणार कोण?" विर्पीने विचारलं.

प्रश्न अगदी साधा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, बर्फाचे टायर बसवायची गर्दी असते तेव्हा, टायरच्या दुकानात तो दिवसातून वीस वेळा विचारला जातो. तरी हेइमोला असा ठसका लागला, की कॉफी नाकात गेली. काइसूने नवऱ्याची पाठ थोपटली नाही. ती भिंतीला टेकवून ठेवलेल्या काळ्या टायरांकडे बघत उभी राहिली, जणू प्रश्न त्यांनाच विचारलाय.

"ही चालवणार," हेइमो म्हणाला.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," काइसू म्हणाली.

विर्पीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. पंचेचाळिशीची बाई, चर्चच्या चौकातलं हे दुकान तिच्या बापाने काढलेलं. या दोघांना ती परकरात होती तेव्हापासून ओळखायची. काल ती स्वतः त्यांच्या घरी जाऊन गाडी घेऊन आली होती, आणि आज म्हातारा-म्हातारी टॅक्सी करून मागून आली होती. का, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये डॉक्टरने हेइमोच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि सांगितलं, की आता गाडी बंद. नजरेच्या नेमक्या मध्यावर डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. समोरचं न दिसणाऱ्या माणसाला गाडी कोण देणार?

घर तळ्याकाठी, गावापासून चौदा किलोमीटर आत. बस बंद होऊन दहा वर्षं झाली. टॅक्सीने रोज येणं-जाणं पेन्शनीत बसणारं नव्हतं. नगरपालिकेच्या बाईंनी शहरात एक फ्लॅट दाखवला होता, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट वगैरे सगळं. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवा, नाहीतर पुढच्याला देते, म्हणाल्या होत्या. हेइमोने तो फ्लॅट पाहिला आणि रात्रभर त्याला झोप लागली नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी. माणसाने काय करायचं तिथे? मरणाची वाट बघत बसायचं? घर ठेवायचं तर एकच मार्ग होता. काइसूने गाडी चालवायची, तीही बर्फात, सहा महिने.

आणि काइसूकडे लायसन्स होतं! हीच तर गंमत. एकविसाव्या वर्षी पहिल्या फटक्यात पास झालेली बाई. दर वेळी मुदत संपली, की फोटो काढून नवीन करून आणायची आणि पुन्हा खणात ठेवायची. अडतीस वर्षांत तिने गाडी चालवली नव्हती.

"मग मी दोघांना दाखवते," विर्पी म्हणाली. "हे बघा काइसूकाकू, हे बिनखिळ्यांचे. मऊ रबर आहे, थंडीत कडक होत नाही. आवाज नाही, गाडी कशी मांजरासारखी चालते. शहरात सगळे हेच घेतात. आणि हे खिळ्यांचे, रबरात बारीक लोखंडी खिळे बसवलेले. रस्ता कोरडा असला की खरखर खरखर करतात, डोकं उठवतात. पण पाऊस पडून वर गोठला ना, आरशासारखा, की तिथे खिळ्याला पर्याय नाही. तुमच्या तळ्याकाठच्या रस्त्यावर तर नाहीच नाही."

"आणि तो स्वस्तातला?" काइसूने कोपऱ्यातल्या चवडीकडे बोट दाखवलं. "त्यावरही बर्फाचं चिन्ह आहे की."

"तो जर्मनीच्या हिवाळ्यासाठी. त्यांच्या हिवाळ्याला आपण पाऊस म्हणतो. त्याला हात लावू नका."

"चार खिळ्यांचे दे," हेइमो म्हणाला. "सगळ्यात भारी असतील ते. चारही नवे."

"अरे वा!" काइसू म्हणाली. "माझी शिवणाची मशीन दुरुस्त करायला आठ वर्षं लागली याला."

"मशीन काय घसरून झाडावर आदळणार होती?"

"मी आदळणार आहे, हे तू धरूनच चाललायस तर."

हेइमोने जीभ चावली. पण शब्द सुटून गेले होते. हेच त्याचं आयुष्यभराचं. माणूस वाईट नव्हता हो. प्यायचा नाही, हात उगारला नाही, लाकूडतोडीच्या कामावरून शुक्रवारी न चुकता घरी. पण चार माणसांत बसला, की बायकोवर एखादा विनोद केल्याशिवाय त्याचा घास खाली उतरायचा नाही.

आणि त्याच्या विनोदांचा राजा म्हणजे 'काइसूची गिरकी'.

पंच्याऐंशी सालचा फेब्रुवारी. तळं गोठलेलं, त्यावरून पलीकडे जायचा बर्फाचा रस्ता सुरू झालेला, दोन्ही बाजूंना फांद्या रोवून आखलेला. काइसूचं माहेर पलीकडच्या काठावर. उन्हाळ्यात वळसा घालून सत्तर किलोमीटर, हिवाळ्यात सरळ सात. काइसू गाडी चालवत होती, हेइमो शेजारी. बर्फावर सीटचा पट्टा लावायचा नसतो, गाडी बुडाली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून, तसा दोघांनीही लावला नव्हता. अर्ध्या वाटेत बर्फातल्या एका भेगेला वळसा होता. काइसूने पाय उचलला, स्टिअरिंग हलकेच वळवलं, आणि गाडीचा मागचा भाग असा सुटला, की अडीच गिरक्या झाल्या. दुधाची बरणी फुटली, चार फांद्या आडव्या झाल्या, आणि गाडी थांबली ती तोंड घराकडे करून. कुणाला खरचटलंही नाही. "गाडीनेच ऐनवेळी सासुरवाडीला यायचं नाकारलं," हेइमो म्हणाला. त्या रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला तो हे पहिल्यांदा म्हणाला, मग बारशांना, लग्नांना, एका मयतालासुद्धा. लोक पोट धरून हसायचे. काइसूही हसायची. मात्र त्या दिवसापासून तिने चावी मागितली नाही.

विर्पी जुने चार टायर एकेक करून उजेडात आणत होती. गेली चार वर्षं वापरातले, खिळ्यांचेच. तिने मोजायची पट्टी खोबणीत घातली.

"हेइमोकाका, उगाच चार कशाला घेता? हे दोन उत्तम आहेत, सात मिलिमीटर. खिळेही जागच्या जागी. हे दोन मात्र गेले, जेमतेम तीन." तिने त्याचा अंगठा धरून रबरावर फिरवला. त्याच्या डोळ्यांपेक्षा आता अंगठाच खरा होता. "दोनच घ्या, याच जातीचे. नवे मागे लावते, हे सात मिलीवाले पुढे."

"मागे?" काइसू म्हणाली. "मागे का? गाडी ओढतात तर पुढची चाकं ना? चांगली जोडी पुढे लावायची."

"कोण म्हणतं?"

"हा म्हणायचा. नेहमी म्हणायचा."

हेइमोला कळलं, की गाडी कुठल्या दिशेने चाललीय, आणि त्याच्या हातात ब्रेक नव्हता.

"छे छे," विर्पी म्हणाली. "आमच्याकडे सगळ्या पुरुषांना असंच वाटतं. ओढणारी चाकं मजबूत हवीत! चढ चढता येतो ना त्याने. पण पुढची रस्ता धरतात आणि मागची धरत नाहीत, म्हणजे काय होतं? वळणावर नाक वळतं नि शेपूट सरळ जायला बघतं. जरा पाय उचललात, की संपलं. मागचा भाग पुढे यायला बघतो."

"गिरकी घेते गाडी," काइसू हळूच म्हणाली.

"गिरकीच. मग चालवणारा कितीही हुशार असो. पुढे घसरली तर निदान सरळ जाते, वेग कमी केला की पकड परत येते. मागून सुटली की आपल्या हातात काही राहत नाही. म्हणून चांगली जोडी मागे. बाबा तर ओरडायचे लोकांवर."

काइसू नवऱ्याच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. हेइमोला तिचा चेहरा दिसत नव्हता. चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग, भोवती तिची लाल टोपी आणि कोटाचे खांदे. चेहरा बघायचा तर नजर बाजूला करावी लागायची, आणि नजर बाजूला करायचीही त्याला लाज वाटत होती.

"हेइमो, त्या गिरकीच्या हिवाळ्यात तू दोन नवे टायर घेतले होतेस. नाताळानंतर. ते कुठे लावले होतेस?"

खोटं बोलता आलं असतं. अडतीस वर्षं झाली, कुणाला आठवतंय, म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेव्हाची निळी साब गाडी कधीच भंगारात गेली होती आणि टायरवाला ताइस्तो, विर्पीचा बाप, मातीत गेला होता. पण हेइमोच्या मनात दुसराही हिशेब चालू होता: हे कळलं तर ती गाडी चालवेल. तिला वाटत आलंय, की दोष तिच्या हातात आहे. तो तिच्या हातात नव्हताच, हे ऐकलं तर बाई सरळ चावी उचलेल. घर वाचेल.

"पुढे," तो म्हणाला. "तुझ्या आईच्या अंगणाचा चढ होता ना, तो चढायचा नाही गाडीला. मागच्या जोडीचे खिळे कधीच गळून गेले होते. गुळगुळीत होती."

"म्हणजे मी..."

"तुझं काही चुकलं नव्हतं."

काइसूने मोठा श्वास सोडला. विर्पी तोंडावर हात धरून उभी होती. आणि मग काइसूने जे केलं, त्याने हेइमोला रडूच आलं असतं. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "तुला तरी कुठे माहीत होतं? सगळेच पुढे लावायचे तेव्हा. वेडे आपण दोघंही. एवढी वर्षं मला वाटायचं, माझ्या हातांतच काहीतरी खोट आहे."

इथे थांबायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस थांबला असता. घर वाचलं होतं, बायकोने माफ केलं होतं, वर तिचा हात गुडघ्यावर होता. हेइमोने तोंड मिटलंही. पण तो हात उबदार होता आणि हलत नव्हता, आणि तो हात असाच तिथे राहिला तर आपण चोरी करतोय असं त्याला वाटायला लागलं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी नव्हतं माहीत. दुसऱ्या दिवशी कळलं. मी गाडी इथे आणली होती, ताइस्तोकडे. त्याने मागचे टायर बघितले आणि माझ्यावर खेकसला. म्हणाला, गाढवा, तुझ्या बायकोचा जीव घेतला असतास. ती बाई चांगली चालवते म्हणून फक्त गिरकीवर भागलं. हे असं म्हणाला तो. मी त्याला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. म्हटलं, मी सांगतो तिला."

काइसूचा हात गेला. कधी गेला ते त्याला कळलं नाही.

"मग रविवारी चर्चमध्ये लोकांनी विचारलं," हेइमो पुढे म्हणाला, कारण आता थांबणं आणखी वाईट होतं. "आणि मी ते सासुरवाडीचं बोललो. लोक हसले. मग सांगायचं राहिलं. मग... मग तू चावी मागेनाशी झालीस, आणि गाडी कायम माझ्या हाताशी राहायला लागली. मला ते सोयीचं झालं, काइसू. खरं सांगतो. तेच बरं वाटायला लागलं."

दुकानात हवेचा पंप आपोआप सुरू झाला, धडधडला आणि बंद झाला. विर्पी वळली आणि उगाचच नटबोल्टचे पाने आवरायला लागली.

काइसू बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"आई नोव्हेंबरात गेली," ती म्हणाली. "एक्याण्णव साली. तू जंगलात होतास, दुसऱ्यांच्या गाडीने गेला होतास आठवड्याभरासाठी. दुपारी दोन वाजता तिच्या शेजारणीचा फोन आला, की ये, आजचा दिवस काढेल असं वाटत नाही. गावातली टॅक्सी कुओपिओ शहराला गेलेली. बस दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडी अंगणात होती, हेइमो. चावी भिंतीवरच्या खिळ्याला होती. मी तीन वेळा जाऊन गाडीत बसले. एकदा इंजिन सुरूही केलं. आणि मला काय आठवत होतं सांगू? ती सगळी माणसं हसताना आठवत होती. मी इंजिन बंद केलं आणि घरात येऊन बसले."

"काइसू..."

"पहाटे सहाला गेली ती. शेजारीण म्हणाली, रात्रभर विचारत होती, काइसू आली का म्हणून. प्रत्येक गाडीच्या आवाजाला विचारत होती. तळं गोठलं नव्हतं, वळसा सत्तर किलोमीटर! मी चालत निघाले असते तरी निम्म्या रस्त्यात असते."

हेइमोला ती शेजारीण काय म्हणाली, ते आज पहिल्यांदा कळत होतं. बत्तीस वर्षं त्याच्या बायकोने हे पोटात ठेवलं होतं, स्वतःचाच गुन्हा समजून. तो माफ कर म्हणाला. म्हणाला आणि त्याला स्वतःलाच तो शब्द एवढासा वाटला. पुन्हा म्हणाला, तर आणखी लहान वाटला.

काइसू उठली. "विर्पी," ती म्हणाली, "दोन दे. खिळ्यांचे. मागे लाव."

"लावते, काकू."

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. नवे खिळे नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिले पाचशे किलोमीटर, जरा जपून. जोरात ब्रेक नको, चाकं गरगर फिरवणं नको."

"मला घाई नाही," काइसू म्हणाली.

अर्धा तास ती बाहेर उभी राहिली. बारीक बर्फ पडायला लागला होता, या वर्षीचा पहिला. हेइमो आत बसून होता आणि काचेतून तिच्या टोपीचा लाल ठिपका त्याच्या नजरेच्या कडेला येत-जात होता. विर्पीने त्याला पुन्हा कॉफी दिली, वेलचीचा पाव दिला आणि ती लगेच गाडीकडे वळली. तिच्या बापाने हे गुपित पोटात ठेवूनच डोळे मिटले होते, आणि त्याचाही तिला राग आला असेल. पाव हेइमोने हातात धरून ठेवला.

गाडी जॅकवरून खाली आली. काइसू आत आली, तिने चावी घेतली, गाडीत बसून सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला. हेइमो उठला आणि कोट चढवायला लागला.

"तू थांब इथेच," ती म्हणाली. "मी आईकडे जाऊन येते."

"पलीकडे? कब्रस्तानात? अगं, बर्फ पडतोय. निदान पहिल्या दिवशी तरी एकटी नको..." आणि त्याने अर्धा चढवलेला कोट काढून ठेवला. आपण काय बोलतोय, कुणाला बोलतोय!

गाडी सुरू झाली, एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. ओल्या डांबरावर खिळ्यांची खरखर चौकापर्यंत ऐकू आली, मग डावीकडे वळली आणि विरली. हेइमो दारात उभा राहून ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं, की घरी थांबून गाडीची वाट बघणं म्हणजे काय असतं. प्रत्येक गाडीच्या आवाजाला त्याचा जीव वरखाली होत होता. वळसा घालून सत्तर किलोमीटर जायचं, सत्तर यायचं. एक वाजला. दोन वाजले. बर्फ वाढला. गिऱ्हाइकं आली, टायर बदलून गेली, म्हाताऱ्याकडे बघून काही विचारावं की नाही, अशी घुटमळली. "काइसूकाकू येतायत न्यायला," विर्पी प्रत्येकाला सांगायची. तीन वाजता तिने त्याच्या हातातला पाव काढून घेतला आणि बशीत ठेवला.

साडेतीनला गाडी दारात आली. काइसू उतरली नाही, हॉर्नही दिला नाही. हेइमो चाचपडत गेला आणि पुढचं दार उघडलं. तिच्या शेजारच्या सीटवर तिची पर्स होती आणि त्यावर हातमोजे. मेणबत्तीच्या मेणाचा वास येत होता. तो थांबला. ती पर्स उचलेल असं त्याला वाटलं. तिने उचलली नाही. त्याने दार अलगद लावलं, मागचं उघडलं आणि मागे बसला. लग्नानंतर पन्नास वर्षांत तो स्वतःच्या गाडीत मागे कधी बसला नव्हता.

चौकातून गाडी तळ्याच्या रस्त्याला लागली. अंधारून आलं होतं. रस्ता वरून पांढरा, खालून ओला, वळणावळणाचा, एका बाजूला झाडं आणि दुसऱ्या बाजूला काळं पाणी. सगळ्यात वाईट वळणावर काइसूने आधीच वेग कमी केला, स्टिअरिंग हळूच वळवलं आणि मागचा भाग निमूट पाठोपाठ आला. हेइमो चाळीस वर्षं या रस्त्याने गेला होता. त्याला डोळे नव्हते तरी पाठीला कळत होतं, की हे वळण याहून बरं कुणी घेऊ शकत नाही.

"त्या बाईंना फोन केला," काइसू म्हणाली. "फ्लॅट नको म्हणून सांगितलं."

घर वाचलं होतं. हेच तर हवं होतं त्याला ऑगस्टपासून. त्याने आनंद व्हायची वाट पाहिली. झाला नाही. बाजूने घरांचे दिवे जात होते आणि त्याला कडेने तेवढे दिसत होते.

बऱ्याच वेळाने, घराकडचा फाटा आल्यावर, तो म्हणाला, "छान चालवतेस."

काइसूने इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, पण त्याच्याकडे नाही, मागच्या रस्त्याकडे.

"मला तेव्हाही येत होतं," ती म्हणाली आणि गाडी वळवली.